ज्ञानाचा वक्फ : खुले सॉफ्टवेअर आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात औरंगपुरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी भाषेचा शिक्षक आहे आणि आजचा विषय संगणकाचा आहे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु दहावीचा निकाल लागला की पालक आम्हा सर्वच शिक्षकांना गाठतात. "सर, मुलाला कॉम्प्युटरला घालू का? क्लासची फी परवडेल का? लॅपटॉप कोणता घ्यावा?" हे प्रश्न योग्यच आहेत. तथापि आणखी एक प्रश्न आहे, जो मला आजवर एकाही पालकाने विचारला नाही. तो असा की, ज्या सॉफ्टवेअरवर माझे मूल शिकणार आहे ते कोणाचे? ते हक्काने वापरता येते की चोरून? आणि ते आतून उघडून पाहण्याची मुभा माझ्या मुलाला आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या भवितव्याशी आणि आपल्या इमानाशीही निगडित आहे. म्हणून मी आज हाच विषय घेतला.

कापड आणि त्याची बांधणी

आपल्या शहराचा हिमरू आपणा सर्वांना ठाऊक आहे. दुकानातून हिमरूची शाल आणली म्हणजे कापड हाती येते. पण ती नक्षी मागावर कशी बांधली, कोणता धागा केव्हा उचलला, हे शाल पांघरून कळत नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. संगणकावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे विणून तयार झालेले कापड. तो ज्या मूळ मजकुरापासून तयार होतो, त्या मजकुराला सोर्स कोड म्हणतात. ती झाली मागावरची बांधणी. पुष्कळ कंपन्या कापड विकतात आणि बांधणी कुलुपात ठेवतात. व्यापाराचा तोही एक मार्ग आहे. परंतु जगात असेही हजारो लोक आहेत की जे कापडासोबत बांधणीही देतात आणि सांगतात, पाहा, शिका, सुधारा, दुसऱ्याला द्या.

ही चळवळ कशी सुरू झाली ते थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे तरुण प्रोग्रॅमर होते. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी, अशी सोय त्यांनी प्रोग्रॅममध्ये केली होती. पुढे नवे यंत्र आले. त्याचा सोर्स कोड मात्र कंपनीने दिला नाही. तो ज्यांच्याकडे होता त्यांनीही, कोणाला न देण्याचे वचन दिले असल्याने, नकार दिला. दुरुस्ती करण्याची विद्या असून दुरुस्ती करता येईना. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. त्यांनी चार स्वातंत्र्ये मांडली : प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवणे, तो आतून अभ्यासणे, त्याच्या प्रती वाटणे, आणि त्यात सुधारणा करून ती सुधारणाही वाटणे.

१९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना आला. त्याची मुख्य अट अशी की, हे सॉफ्टवेअर घेऊन जो कोणी त्यात भर घालून पुढे वाटील, त्याने तीच मोकळीक पुढच्यालाही दिली पाहिजे. हे ऐकताच मला वक्फची आठवण होते. आपल्या महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय याच शहरात, पाणचक्कीला आहे. वक्फ केलेली जमीन विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. तिचा लाभ मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो. मुतवल्ली तिची देखभाल करतो, मालक होत नाही. मी मुफ्ती नाही. शरीअतचा निर्णय म्हणून नव्हे, केवळ समजण्यास सोपे जावे म्हणून ही उपमा देतो. पाणचक्कीवर डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून पीठ दळले जाई आणि ते मुसाफिरांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडे. खुल्या सॉफ्टवेअरची रीतही अशीच आहे.

फुकट म्हणजे मुक्त नव्हे

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. पैसे पडत नाहीत म्हणून एखादी वस्तू मुक्त होत नाही. याचे उदाहरण इतिहासात आहे.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टॉर्वाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या संगणकासाठी प्रणाली लिहीत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने ती बातमी जाहीर केली, तीही केवळ छंद म्हणून. तीच पुढे लिनक्स झाली. १९९२ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली आणि जगभरचे लोक तिच्यात भर घालू लागले. आज आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड मोबाईल आहे, त्यांच्या खिशात लिनक्सचा गाभा आहे. जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात.

या लिनक्सच्या कामाचा हिशेब ठेवण्यासाठी टॉर्वाल्ड्स यांची मंडळी बिटकीपर नावाचे साधन वापरत. ते एका कंपनीचे होते. कंपनीने ते या कामासाठी फुकट दिले होते, मुक्त केले नव्हते. २००५ मध्ये वाद झाला आणि कंपनीने ती सवलत काढून घेतली. लिनक्सच्या कामासाठी दुसरे साधन शोधण्याची वेळ आली. तेव्हा टॉर्वाल्ड्स यांनी अवघ्या काही दिवसांत स्वतःचे साधन लिहून काढले आणि ते सर्वांसाठी खुले केले. त्याचे नाव गिट. आज जगातील बहुतेक प्रोग्रॅमर गिट वापरतात. दात्याच्या मर्जीवर अवलंबून असलेले दान आणि कायमचे मोकळे केलेले दान यांत किती अंतर असते, ते या घटनेवरून दिसते.

आता आपल्या घरची गोष्ट. महागड्या सॉफ्टवेअरची चोरून उतरवलेली प्रत संगणकात घालून देणारे दुकानदार गावोगाव आहेत. आपणही ती बिनदिक्कत घेतो. मुलाला आपण सांगतो की, परीक्षेत नक्कल करू नकोस. आणि ज्या यंत्रावर तो अभ्यास करणार, त्यात पहिल्याच दिवशी चोरीचा माल भरतो! विषाणूंचा धोका असतो तो वेगळाच. हलाल कमाईचा आग्रह धरणाऱ्या घरांनी या गोष्टीचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. विशेषतः हक्काचा आणि विनामूल्य पर्याय हाताशी असताना तर करावाच. लिखाण, तक्ते आणि हिशेबासाठी लिबरऑफिस आहे, चित्रांसाठी गिंप आहे, प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी पायथन आहे. संथ झालेल्या जुन्या संगणकावर लिनक्सची हलकी आवृत्ती घातली की पुष्कळदा तो पुन्हा उपयोगी पडतो. केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच उभे केले आहे. तेथील लाखो मुले त्यावर शिकली.

आपल्या महाराष्ट्रात

हे काम केवळ परदेशी लोकांचे आहे असे समजू नये. संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षरे नीट दिसावीत म्हणून रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित हे टंक खुले केले. त्याच्या पुढील कामात पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत लहान मुलांना छोटे लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. मराठी माध्यमाची, गरीब घरांतील मुले. त्या लॅपटॉपवरील सॉफ्टवेअर खुले होते. त्याच्या कळफलकावर एक वेगळी कळ असे. ती दाबली की चालू असलेल्या कार्यक्रमाचा सोर्स कोड दिसावा, अशी ती योजना होती. लहान मुलाच्या जिज्ञासेवर एवढा विश्वास टाकणारे यंत्र मी दुसरे ऐकले नाही.

पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी मायावी हे साधन घडवले. शास्त्रज्ञांची आकडेवारी ते त्रिमितीत दाखवते. त्याची सुरुवात त्यांनी विद्यार्थीदशेतच केली होती. त्याच संस्थेतील प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा केला. त्यात सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य धडे आहेत. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते विनामूल्य ऐकायला मिळतात. इंग्रजीची धास्ती घेऊन मागे राहणाऱ्या आमच्या मुलांना ही मोठीच सोय आहे.

व्यापारी कुटुंबांनी लक्ष द्यावे असे एक उदाहरण मुंबईचे आहे. रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा. हिशेब, माल आणि मागण्या सांभाळणारी तयार प्रणाली त्यांच्या धंद्याला जमेना, म्हणून ते स्वतः प्रोग्रॅम लिहू लागले. त्यातून ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली उभी राहिली. तिचा सोर्स कोड त्यांनी खुला ठेवला. कोड खुला ठेवूनही त्यांची कंपनी चालते. प्रणाली बसवून देणे, सांभाळणे, गरजेप्रमाणे बदलून देणे, या सेवेचे पैसे मिळतात. विहीर सर्वांची असली तरी मोट दुरुस्त करणाऱ्याला मजुरी मिळतेच.

मेळावे कशासाठी?

या क्षेत्रातील मंडळी वर्षातून काही वेळा एकत्र जमतात. पुण्याच्या सिम्बायोसिस संस्थेच्या संगणक महाविद्यालयात जीएनयूनिफाय नावाचा मेळावा अनेक वर्षे भरत असे. त्याची बरीचशी व्यवस्था विद्यार्थीच पाहत. पायथन वापरणाऱ्यांची अखिल भारतीय परिषद २००९ मध्ये बंगळुरात सुरू झाली. २०११ ची परिषद पुण्यात झाली. शास्त्रीय गणनासाठी पायथन वापरणाऱ्यांच्या परिषदा पवईला भरल्या.

तेथे काय चालते? मोठी व्याख्याने असतात, प्रत्यक्ष हाताने शिकवणाऱ्या कार्यशाळा असतात. आणि एक सत्र असे असते की ज्यात कोणीही उठून पाच मिनिटे बोलावे. मुशायऱ्यात बुजुर्ग शायरांसमोर नवोदितालाही एक गझल पेश करण्याची संधी मिळते, तसेच हे. कॉलेजातील मुलगा बोलतो आणि ज्यांची साधने जगभर वापरली जातात ती माणसे समोर बसून ऐकतात.

माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात प्रोग्रॅमर आहे. वडिलांचे शिवणकामाचे छोटे दुकान, घरात कोणी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नाही. त्याने मला सांगितलेला अनुभव त्याच्या परवानगीने सांगतो. पहिल्या मेळाव्याला तो गेला तेव्हा इंग्रजी भाषणे अर्धीमुर्धी समजली. दोन दिवस तो मागच्या बाकावर बसून होता. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी त्याला विचारले, "तू काय वापरतोस? त्यात तुला काय अडते?" त्याने एका प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकातली चूक सांगितली. त्यात लिहिल्याप्रमाणे केले तर काम होत नव्हते. ते म्हणाले, "मग तूच दुरुस्त कर." आणि ती कशी पाठवायची तेही तेथेच शिकवले.

त्याने दुरुस्ती पाठवली. तीन आठवडे उत्तर नाही. मग उत्तर आले ते दोन बदल सुचवणारे. त्याने ते केले. पुन्हा एक शंका. शेवटी त्याच्या चार ओळी स्वीकारल्या गेल्या. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला उद्धट उत्तरही मिळाले, हेही त्याने लपवले नाही. सगळीच माणसे तेथे थोर आहेत असे नाही.

त्याचे वडील त्याला विचारत, "रात्र-रात्र जागून फुकट काम कोणाचे करतोस?" आपणही हेच विचाराल, आणि विचारलेच पाहिजे. त्याचे उत्तर असे की, गिटच्या नोंदीत कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली, हे कायमचे लिहिलेले राहते. नोकरीच्या मुलाखतीत त्याच्या कॉलेजचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. परंतु त्याच्या नावावरचे खुले काम त्यांनी उघडून वाचले आणि त्यावरच प्रश्न विचारले. असे केले की नोकरी मिळतेच, असे आश्वासन मी देणार नाही. पण ज्याच्याकडे शिफारस करणारा मामा-काका नाही, त्याच्यासाठी त्याचे उघडे काम हीच शिफारस ठरते, एवढे नक्की.

आयती उत्तरे देणारे यंत्र

आता नव्या साधनांविषयी. २०२१ मध्ये कोपायलट नावाचे साधन आले आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी. आज दोन वाक्यांत मागणी केली की यंत्र प्रोग्रॅम लिहून देते. मग मुलांनी शिकायचे तरी कशाला, असे काही पालक विचारतात.

ही यंत्रे कोडचे जे वळण शिकली, ते मोठ्या प्रमाणावर खुल्या कोडच्या भांडारातूनच शिकली. म्हणजे याच वक्फच्या विहिरीतून पाणी भरून घेतले गेले. परवान्याच्या अटी त्यात पाळल्या गेल्या नाहीत, असे म्हणत अमेरिकेतील काही प्रोग्रॅमरांनी २०२२ मध्ये न्यायालयात दावाही लावला.

शिक्षक म्हणून मला ही साधने गाईडसारखी वाटतात. औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत दरवर्षी गाईडे खपतात. ज्या मुलाने आधी पाठ्यपुस्तक वाचले, गणित स्वतः सोडवून पाहिले आणि मग गाईड उघडले, त्याला गाईडाचा फायदा होतो. ज्याने केवळ उतरवले, तो प्रश्न जरा बदलला की अडतो. यंत्राचे उत्तर आत्मविश्वासाने दिलेले असते, पण ते चुकीचे असू शकते. ते चुकले हे ओळखण्याइतके ज्ञान मुलाजवळ हवे. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, यंत्राने लिहिलेली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे. जी सांगता येत नाही, ती तुमची नव्हे.

मुतवल्ली एकटा पडला तर

एक गंभीर घटना सांगतो. एक्सझेड नावाचे एक लहानसे खुले साधन आहे. ते फाईलींचा आकार लहान करते. जगातील असंख्य संगणकांत ते असते. त्याची देखभाल वर्षानुवर्षे एकच गृहस्थ बिनपगारी करीत होते. ते थकले होते. एक अनोळखी व्यक्ती मदतीला आली, दोन-अडीच वर्षे इमानाने काम केल्याचे दाखवून तिने विश्वास मिळवला आणि मग त्यात गुपचूप एक चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की, दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत आहे. केवळ अर्धा सेकंद! त्यांनी त्याचा माग काढला. सोर्स कोड आणि तयार प्रोग्रॅम दोन्ही उघडे असल्यामुळे चोरी पकडली गेली आणि फार मोठे संकट टळले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. उघड्या वस्तूवर सर्वांची नजर राहू शकते, हा खुलेपणाचा लाभ. परंतु सर्वांनी केवळ घ्यायचे ठरवले आणि मुतवल्लीला कोणी हात दिला नाही, तर वक्फ धोक्यात येतो. आपल्या समाजात वक्फच्या मालमत्तांची कशी दुर्दशा झाली, हे मी आपणांस वेगळे सांगायला नको.

म्हणून माझा आग्रह केवळ एवढाच नाही की, मुलांनी फुकट मिळते ते घ्यावे. त्यांनी त्यात भरही घालावी. नववीतला मुलगा प्रोग्रॅमच्या सूचनांचे मराठीत किंवा उर्दूत भाषांतर करू शकतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात आपल्या शहराविषयी, हिमरूविषयी, नहर-ए-अंबरीविषयी लेख सुधारू शकतो. कॉलेजातील मुलगी चूक शोधून नीट शब्दांत कळवू शकते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर गूगलच्या उन्हाळी योजनेत अर्ज करता येतो. ही योजना २००५ पासून चालू आहे आणि तीत खुल्या कामाबद्दल मानधन मिळते. आउटरीची हीही तशीच योजना आहे. स्त्रियांना आणि या क्षेत्रात मागे राहिलेल्या घटकांना संधी मिळावी म्हणून ती सुरू झाली. तिचे काम घरी बसून करता येते. मुलीला दूर पाठवण्याची अडचण सांगणाऱ्या पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आणि शहरात किंवा पुण्याला मेळावा असेल तेव्हा आईने, भावाने किंवा एखाद्या शिक्षिकेने सोबत जावे, पण मुलीला न्यावे.

हा वारसा आपलाच आहे

शेवटी एक गोष्ट. संगणकाच्या विद्येत अल्गोरिदम हा शब्द पावलोपावली येतो. तो नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. त्यांनी भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला. भारतातून निघालेली अंकगणना अरबांमार्फत युरोपात गेली आणि साऱ्या जगाची झाली. हिंदुस्थानने अरबांना कुलूप लावून दिले नव्हते, अरबांनी युरोपला लावले नाही. १२०६ च्या सुमारास अल-जझरी यांनी पाण्यावर चालणाऱ्या घड्याळांचा आणि यंत्रांचा ग्रंथ लिहिला. तो चित्रांसह आणि बांधणीच्या तपशिलासह लिहिला, कारण वाचणाऱ्याला ते यंत्र करता यावे.

आपल्या दीनची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने झाली, हे आपण प्रत्येक जलशात सांगतो. या युगात वाचण्यासारख्या मजकुरात सोर्स कोडचीही भर पडली आहे, आणि तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्याचा लाभ मागे चालूच राहतो अशा दानाला आपण सदका-ए-जारिया म्हणतो. विहीर खोदणे सर्वांना जमत नाही. पण चार ओळींची दुरुस्ती, एका पानाचे भाषांतर, एका धाकट्या मुलाला शिकवलेला एक तास, एवढे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला जमेल.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की, यंदा मुलाला संगणक घेऊन द्याल तेव्हा दुकानदाराला सांगा, "चोरीचे काही घालू नका, खुले घाला." आणि सहा महिन्यांनी मुलाला विचारा, "तू त्यातून काय घेतलेस?" तसेच हेही विचारा, "तू त्यात काय दिलेस?"